भाड्याचे पैसे मुद्दलात वळवा

नोएडा, गाझियाबाद किंवा गुरुग्राममध्ये बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला, की ताबा मिळेपर्यंत घरभाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही भरावे लागते. ताबा मिळाला की भाडे थांबते. पण ती रक्कम पडदे, कपाटे आणि सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये कधी जिरते, ते कळतही नाही. त्यातले निदान 3,000 रुपये वाचवा.

समजा, 30 लाखांचे कर्ज 8.5 टक्के दराने 20 वर्षांसाठी आहे. हप्ता सुमारे 26,035 रुपये. पहिल्या हप्त्यातले 21,250 रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते जेमतेम 4,785. पहिल्या हप्त्यापासून दरमहा 3,000 जादा भरले आणि दर तोच राहिला, तर कर्ज सुमारे साडेपंधरा वर्षांत फिटते. व्याजाचे सव्वाआठ लाखांच्या आसपास वाचतात.

मात्र शाखेत लेखी द्या: जादा रक्कम मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. हप्ता कमी करून घेतलात तर बचत बरीच घटते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना मनाई केली आहे. दर स्थिर असेल तर मंजुरीपत्र वाचा.

त्याआधी तीन-चार हप्त्यांइतकी रक्कम बचत खात्यात असू द्या, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती पहिली फेडा. मग पगाराच्या दुसऱ्याच दिवसाची स्थायी सूचना द्या. महिनाअखेरीस उरेल ते भरू म्हणणाऱ्यांच्या खात्यात काही उरत नाही, हे आम्ही काउंटरवर रोज पाहतो.