खासगी विद्यापीठ की सरकारी कॉलेज?

प्रश्न : मुलीला कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळतेय. पुण्यातल्या एका नामांकित खासगी विद्यापीठाची फी मात्र वर्षाला साडेचार लाख आहे. कर्ज काढून तिथे घातलं नाही, तर तिचं नुकसान होईल का?
– एक पालक, सातारा

उत्तर : ताई, निर्धास्त राहा. फी जास्त म्हणून शिक्षण सरस, असं समीकरण नाही. कराडचं कॉलेज १९६० पासूनचं आहे. शिवाय तुमचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटात असेल, तर २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) मिळालेल्या प्रवेशाला शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विद्यापीठांना आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. सवलतीसाठी लागणारे दाखले मात्र आत्ताच काढून ठेवा.

हवी ती शाखा फक्त खासगीतच मिळत असेल, तर तिथला विचार जरूर करा. पण ‘सर्वाधिक पॅकेज’च्या जाहिरातीला भुलू नका. त्या शाखेतल्या किती मुलांना नोकरी लागली, मधला पगार किती, एनबीए मानांकन आहे का, हे विचारा. वसतिगृह, मेससह चार वर्षांचा हिशेब मांडा. फी परतीचे नियम लेखी घ्या आणि तोवर हातची जागा सोडू नका.