झडप बदलली, पुढे काय?



बेळगाव-निपाणी भागातील कित्येक मराठी कुटुंबे हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी बंगळूरची वाट धरतात. तेथे राज्य सरकारची जयदेव संस्था आहे, आपल्या समाजाला परिचित असे सेंट जॉन्स रुग्णालय आहे, आणि बोम्मसंद्र येथे डॉ. देवी शेट्टी यांचे नारायण हृदयालय आहे. झडप बदलून रुग्ण घरी येतो, तेव्हा घरची माणसे म्हणतात, "सुटलो एकदाचे!" या 'सुटलो'पाशीच थोडे थांबावयाचे आहे.

आपल्याकडे तरुणांच्या झडपा बिघडतात त्या बहुधा लहानपणीच्या सांधेतापामुळे, म्हणजे रुमॅटिक फीवरमुळे. शस्त्रक्रियेने एक झडप बदलते. मूळ दुखणे शरीरातून जातेच असे नाही. म्हणून पेनिसिलिन पुढेही चालू ठेवावे लागते. डावीकडील झडप बदलल्यावर काही वर्षांनी उजवीकडची त्रिदल झडप गळू लागते, पाय सुजतात, पोट फुगते. रुग्णाला वाटते, ऑपरेशन फसले. तसे असेलच असे नाही.

बसविलेली झडप दोन प्रकारची असते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप साधारण दहा ते पंधरा वर्षांत झिजते, तरुणांत त्याहूनही लवकर. धातूची झडप झिजत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत तयार झालेली भारतीय झडप १९९० साली प्रथम माणसाच्या हृदयात बसविण्यात आली. ती याच जातीची. परंतु धातूवर रक्त गोठते, म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम ही गोळी जन्मभराची सोबतीण होते.

खरा धोका येथेच आहे. बरे वाटते, तपासणीला शहर दूर पडते, पैसे संपतात, आणि गोळी सुटते. रक्ताची 'आय.एन.आर.' ही तपासणी नेमाने करावी. मायट्रल झडपेसाठी हा आकडा सामान्यतः अडीच ते साडेतीन ठेवतात. आपला आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. पालक, मेथी वर्ज्य नाहीत, मात्र रोजचे प्रमाण सारखे असावे. उपवासकाळात आहार एकदम बदलला तर हा आकडाही बदलतो. म्हणून उपवास धरण्यापूर्वी विचारावे. एक गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. रक्त पातळ करणारी नवी औषधे धातूच्या झडपेला चालत नाहीत; २०१२ साली डाबिगाट्रानची अशी चाचणी गुठळ्या व रक्तस्राव वाढल्याने थांबवावी लागली. विवाहित भगिनींनी गर्भ राहण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे, कारण वॉरफरिन पहिल्या महिन्यांत गर्भाला अपाय करू शकते.

धातूच्या झडपेची टिकटिक रात्रीच्या शांततेत ऐकू येते. प्रथम ती त्रास देते, मग घरच्या घड्याळासारखी अंगवळणी पडते. ती मंद झाली वा थांबली, उताणे निजता येईना, दम लागू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. झडपेत गुठळी अडकली असण्याचा संभव असतो. ती औषधाने विरघळविता येते, अथवा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. वेळेवर पोचणाऱ्याला हे दोन्ही मार्ग मोकळे असतात. ओठ, हात वा वाचा लुळी पडली तरी तीच घाई करावी. अंगात बरेच दिवस ताप राहिला तर झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल. रक्ततपासणीआधी प्रतिजैविक घेऊ नये. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना झडपेविषयी सांगावे, आणि गोळी स्वतःहून बंद करू नये.

मंडळीतील काही जण म्हणतात, प्रार्थना कमी पडली म्हणून दुखणे उलटले. आधीच खचलेल्या माणसावर हे ओझे लादणे मला मुळीच मान्य नाही. झिजलेली झडप झिजली म्हणून बदलावी लागते, यात रुग्णाचा दोष नसतो. दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते खरे, कारण आतील भाग चिकटलेले असतात. ऊतीची झडप झिजली असेल तर मात्र काहींच्या बाबतीत जांघेतील रक्तवाहिनीतून जुन्या झडपेतच नवी बसविता येते.

पुढच्या वेळी बंगळूरची गाडी पकडताना झडपेचे कार्ड, आय.एन.आर.ची वही आणि पूर्वीच्या एकोचे सर्व अहवाल बरोबर घ्यावे. जुन्या एकोशी ताडून पाहिल्यावाचून नव्याचा अर्थ डॉक्टरांनाही पुरता लागत नाही.