तळपायाची चामखीळ गोठवल्यानंतर

"डॉक्टरसाहेब, चामखीळ काढायला आलो होतो, मग हा एवढा मोठा फोड कशाचा?" सक्करदऱ्यातील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. गोठवण्याचे काम अर्ध्या मिनिटात आटोपते. जखम भरून येण्यास मात्र दोन-तीन आठवडे लागतात आणि त्या काळातील काळजी रोग्याच्याच हाती असते.

तळपायाची चामखीळ ही विषाणूमुळे होते. ह्युमन पॅपिलोमा असे त्या विषाणूचे नाव. अनवाणी चालताना, ओल्या न्हाणीघरात तो बारीक चिरेतून कातडीत शिरतो. पुष्कळजण तिला कुरूप समजून ब्लेडने खरवडतात. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात, आणि ती दोन बोटांच्या चिमटीत दाबली की दुखते. कुरूप सरळ दाबल्यावर अधिक दुखते.

गोठवण्यासाठी उणे 196 अंश सेल्सियस तापमानाचा द्रव नायट्रोजन वापरतात. त्याने विषाणू असलेल्या पेशी मरतात. त्या वेळी चटका बसतो आणि नंतर काही तास ठणका लागतो. एक-दोन दिवसांत पाण्याचा, कधी रक्ताचा काळसर फोड येतो. वाचकहो, त्याला घाबरू नका. पुढे तो सुकतो, खपली धरते आणि ती आपोआप गळते. फोडावरची कातडी म्हणजे खालच्या कोवळ्या कातडीचे पांघरूण आहे. म्हणून तो सुईने किंवा पिनेने फोडू नये. फारच ताणला असेल, चालवत नसेल, तर डॉक्टरांकडून निर्जंतुक सुईने पाणी काढून घ्यावे.

रोज साबण-पाण्याने पाय हलक्या हाताने धुवावा, कोरडा टिपावा आणि स्वच्छ पट्टी बांधावी. फोड फुटलाच तर पेट्रोलियम जेली लावून पट्टी करावी. चुना, हळद, टूथपेस्ट लावू नये. दोन-चार दिवस मऊ तळव्याची चप्पल वापरावी, उभे राहण्याचे काम कमी करावे. दुखल्यास पॅरासिटामॉलची गोळी चालते. खपली ओढू नये. आपला टॉवेल व चप्पल दुसऱ्यास देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. बुधवार बाजारात भाजी विकणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांनी दुसरीकडे चामखीळ गोठवून घेतली होती, पण आपल्याला मधुमेह आहे हे तेथे सांगितले नव्हते. पाय बधिर असल्याने फोड फुटल्याचे कळले नाही. त्या दिवसभर त्याच पायावर उभ्या राहिल्या. जखम चिघळली आणि भरून येईपर्यंत महिनाभर दुकान बंद राहिले. हातावर पोट असणाऱ्यास महिना फार मोठा असतो. म्हणून मधुमेह, पायाला बधिरपणा, पायाचा रक्तपुरवठा कमी असणे किंवा थंडीने बोटे पांढरी-निळी पडणे, यांपैकी काहीही असल्यास ते उपचारापूर्वीच सांगावे. अशा रोग्यांसाठी डॉक्टर दुसरा उपाय निवडू शकतात.

तीन-चार दिवसांनंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली पसरली, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

एका वेळी गोठवून चामखीळ जाईलच असे नाही. तळपायाची कातडी जाड असते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा यावे लागते. काहींना त्या जागी पांढरा किंवा काळसर डाग राहतो. तो बहुधा हळूहळू फिका होतो. लहान मुलांच्या पुष्कळशा चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, तेव्हा त्या दुखत नसतील तर घाई करू नये. कातडीवरील रेषा त्या जागेवरून पूर्वीसारख्या सलग दिसू लागल्या, म्हणजे चामखीळ गेली असे समजावे. तोपर्यंत उपचार अर्धवट सोडू नये.