या दगडाचं गाव कोणतं?

पालकहो,

धुणं भिजवताना मुलांच्या खिशातून काय काय निघतं, हे आयांना वेगळं सांगायला नको. चिंचोके, गोट्या, एखादं पेनाचं टोपण आणि हमखास दोन-चार दगड. ते बहुतेक घरांत न्हाणीच्या खिडकीतून थेट बाहेर जातात, आणि त्यांच्यामागून आवाज जातो, "आपल्याकडं काय दगडांचा दुष्काळ पडलाय का?" बीड जिल्ह्यात या प्रश्नावर बोलायची सोय नाही. बालाघाटाच्या माळरानात नांगराच्या फाळाला आधी दगड लागतो, माती मागून. आपल्या वाडवडिलांनी जन्मभर दगड वेचून बांधावर टाकले. आता नातू तेच वेचून घरात आणतो म्हटल्यावर आजोबांचं डोकं फिरणारच.

तरी आज मी त्या नातवाची बाजू घेऊन बसलो आहे.

आमच्या शाळेतल्या काही मुलांचा दगड जमवणारा गट आहे. त्याला वर्गणी नाही, फलक नाही. जमेल त्या रविवारी ओढ्याकाठी किंवा नव्या खोदलेल्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर जायचं, हाताला लागेल ते बघायचं, आवडेल ते थोडं आणायचं. मग जुन्या दातब्रशानं घासून धुवायचं, ओळखायचा प्रयत्न करायचा, चिठ्ठी लावायची आणि जास्तीचं एकमेकांत बदलून घ्यायचं. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामावरून घराघरांतून जे निरोप येतात, त्यांना वहीत दोन ओळी खरडून उत्तर देता येत नाही.

निरोप साधारण दोन प्रकारचे. एक म्हणजे, याचे मार्क किती? सरळ सांगतो, एकही नाही. दुसरा अलीकडचा आहे. कुणीतरी मोबाइलवर बघितलेलं असतं की असा चमकता दगड लाखाला जातो, मग वडील स्वतःच मुलाला घेऊन येतात आणि हळूच विचारतात, "सर, याचं काय येईल?" त्याचंही काही येणार नाही. ओढ्यातल्या गारगोटीला गिऱ्हाईक नसतं. मला विचाराल तर फेकून देणारी आई परवडली. तिनं फेकलेला दगड पोरगं पुन्हा उचलून आणतं. भाव विचारणाऱ्या वडिलांच्या पोराला मात्र दोन महिन्यांत चमक नसलेला दगड दिसेनासा होतो.

आणि आपल्याकडचा बराचसा दगड चमकत नाही. काळा फत्तर आहे तो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलांब भेगा पडून लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. आज त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. बीडहून मांजरसुंबा घाट चढताना रस्त्यासाठी कापलेला डोंगर एसटीच्या खिडकीतून दिसतो. पुढच्या वेळी मुलाला खिडकीशी बसवा. सौताड्याला विंचरणा नदी ज्या कड्यावरून खाली झेपावते, तो कडाही याच दगडाचा.

गंमत या दगडाच्या पोटात आहे. लाव्हा थिजताना त्यातला वायू वर येतो, पण सगळा सुटत नाही. वरच्या भागात बुडबुडे तसेच अडकतात आणि दगडाला भोकं राहतात. पुढं लाखो वर्षं त्या भोकांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक धरले. विहीर खोदणाऱ्या माणसाला हे कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक असतं. मुरूम लागला, मग ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या लागला, मग काळा पाषाण लागला, ही भाषा त्याची. मांजऱ्यातले ते पांढरे-गुलाबी ठिपके म्हणजेच भरून आलेले बुडबुडे. त्यात कधी स्टिल्बाइट असतं, कधी ह्यूलँडाइट, कधी सुयांच्या जुडग्यासारखं स्कोलेसाइट. ही झिओलाइट घराण्यातली. त्यांच्या शेजारी कॅल्साइट आणि गार सापडते, नशीब असेल तर काचेसारखं अपोफिलाइट. झिओलाइटच्या आत पाणी असतं. तापवलं की निघून जातं आणि दगड मोडत नाही. याच घराण्यातलं कारखान्यात बनवलेलं झिओलाइट कपडे धुण्याच्या काही पावडरींत घालतात. म्हणजे ज्या धुण्यातून तुम्ही दगड बाहेर काढलात, त्या धुण्यात त्याचाच भाऊबंद आधीपासून बसलेला असू शकतो.

महाराष्ट्राचे हे स्फटिक जगभर नावाजलेले आहेत. १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेसाठी भोर घाट फोडला, तेव्हा निघालेले नमुने थेट विलायतेच्या संग्रहालयांत पोचले. कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ऑरेगन राज्यात. पण त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले, म्हणजे जिथं खडी निघते तिथले. सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेलं गारगोटी संग्रहालय आहे. शिर्डीची वारी काढाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून मुलांना तिथं न्याच.

आता चिठ्ठीबद्दल. मला खरं बोलायचंय ते याच्याविषयी.

परदेशातल्या जुन्या संग्रहांत आपल्याकडच्या कितीतरी स्फटिकांच्या चिठ्ठीवर नुसतं 'पूना' लिहिलेलं असतं. दगड पुण्याचा असेल, नाशिककडचा असेल, जळगावचा असेल. विकणाऱ्यानं पुणे म्हटलं, घेणाऱ्यानं लिहून ठेवलं. काही व्यापारी खाण दुसऱ्याला कळू नये म्हणून मुद्दामच गोलमाल गाव सांगत. आज अभ्यासकाच्या हातात तो सुंदर दगड आहे, पण तो कोणत्या खाणीतला, कोणत्या थरातला, शेजारी काय होतं, हे सांगणारं कुणी नाही. शोभेच्या कपाटात ठेवायला तो ठीक. अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग नाही.

आपल्या घरातल्या देवघराकडं बघा. ज्यांच्याकडं पंचायतन आहे त्यांना विचारा. शाळिग्राम गंडकीचा, बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदीचा. वाटेत दिसला आणि उचलला, असं तिथं चालत नाही. दगड पूजेला बसतो तो त्याच्या नदीच्या नावासकट. (आणि शाळिग्रामाच्या आत दिसणारं चक्र हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका समुद्री जिवाच्या शंखाचा ठसा असतो. हे कळल्यानं आमच्या आजीची पूजा एक दिवसही चुकली नाही.) मुलांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातही हाच नियम लावायचा आहे. मूठभर कागद, फेविकॉल आणि पेन. सापडला कुठं, म्हणजे गाव, शिवार, ओढा की विहीर, किती खोलीवर, कोणत्या तारखेला, कुणाला. दगडावर व्हाइटनरचा ठिपका देऊन त्यावर आकडा टाकायचा आणि तोच आकडा वहीत घ्यायचा. नाव चुकलं तरी चालेल. आज कॅल्साइट म्हटलेलं उद्या गार निघेल, खोडून दुरुस्त करता येतं. गाव चुकलं की पुन्हा सापडत नाही.

म्हणून आमच्या गटात दगड देखणा असल्याचं कौतुक कमी आणि चिठ्ठी नीट असल्याचं जास्त. ज्याच्या दगडाला चिठ्ठी नाही, त्याला अदलाबदलीत बसता येत नाही. पोरं या बाबतीत माझ्याहून कडक आहेत.

या नियमामुळं झालेली एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. आपल्या जिल्ह्यातले किती आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात, हे मी काय सांगणार! काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, काही सोबत जातात. परत आलेली मुलं वर्गात मागं बसतात, कारण चार-पाच महिन्यांचा अभ्यास बुडालेला असतो. दगडांच्या गटात मात्र उलटं होतं. आम्ही इथली मुलं फिरून फिरून बिंदुसरेचा आणि सिंदफणेचाच दगड आणणार. फडावरून आलेल्या पोराच्या खिशात कृष्णेच्या वाळवंटातला गोटा असतो, कोल्हापूरकडचा भोकाभोकांचा तांबडा जांभा असतो, कर्नाटकात गोकाककडच्या कारखान्याला टोळी गेलेली असेल तर तिथला कणीदार वालुकाश्म असतो. आपला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. गोकाकचा तो त्याहून कितीतरी पट जुना! वर्गातल्या सगळ्या दगडांचा पणजोबा त्या पोराच्या हातात. सगळी त्याच्याभोवती गोळा होतात आणि एकाला दोन देऊन बदली मागतात. आईबाप कुठं गेले होते, हे बाकी ठिकाणी खाली मान घालून सांगावं लागतं. इथं तेच ठळक अक्षरात चिठ्ठीवर लिहायचं असतं.

तेव्हा कोयत्याला जाणाऱ्या आयांनो, बापांनो, मुकादमाच्या गाडीत सामान भरताना पोराच्या पिशवीत एक वही आणि पेन टाका. लिहिता येत नसेल तर गावाचं नाव तोंडपाठ करून घ्या, इथं आल्यावर आम्ही लिहू. आणि मुलं मागं ठेवून जाणार असाल तर येताना एक दगड त्यांच्यासाठी आणा. मोठा नको, मुठीत मावेल एवढा.

घरात तुम्हाला काय करता येईल? फार नाही. स्वयंपाकघरातली जुनी सुरी द्या. सुरीनं ओरखडा उठला तर कॅल्साइट असू शकतं, सुरीच घसरली तर गार. ओरखड्याच्या पांढऱ्या भुकटीवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले की चुना आहे हे नक्की. शेतातल्या चुनखडीच्या खड्यांवरही करून बघा. संडास धुण्याचं ॲसिड मात्र मुलांच्या हाती देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. रात्री वीज गेली तर आयतीच संधी. दोन पांढऱ्या गारगोट्या अंधारात एकमेकींवर जोरात घासा. आत नारिंगी उजेड चमकतो आणि करपल्यासारखा वास येतो. ही गंमत आजोबांना नक्की माहीत असते. त्यांनाच करून दाखवायला सांगा, दगडांवरचा त्यांचा राग बराचसा तिथंच उतरतो.

विहिरीच्या गप्पा घरात होऊ द्या. शेजारच्या बोअरला पाणी लागलं आणि आपल्याला फुफाटाच का निघाला, हे मांजऱ्या आणि पाषाण ओळखणाऱ्या मुलाला थोडं थोडं कळू लागतं. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. विंधन घेताना निघणारी भुकटी दर काही फुटांना वेगळ्या पुडीत बांधून चिठ्ठी लावायला सांगा. पैसे तर तुम्ही भरलेलेच आहेत.

काही गोष्टींना माझी ठाम ना आहे. खडी क्रशरच्या खाणीत मुलांना पाठवायचं नाही. सुरुंगाची वेळ कुणी सांगत नाही आणि पाणी साठलेल्या खाणीला काठ नसतो. विहिरीच्या ढिगाऱ्यावर ठीक, खोदत्या विहिरीत उतरणं नाही. हातोडा चालवायचा तर डोळ्यांवर चष्मा. नायगावच्या मयूर अभयारण्यातून खडासुद्धा उचलायचा नाही. आणि अंबाजोगाईचा हत्तीखाना, धारूरचा किल्ला, बीडची खजाना विहीर इथं हात पाठीमागं बांधून बघायचं. तो दगड माणसानं घडवलेला आहे, त्याची कपची काढणारा आमच्या गटात राहत नाही.

पावसाळा सरता सरता, ओढ्याचं पाणी उतरलं की आम्ही पुन्हा निघू. पुरानं नवा माल आणून टाकलेला असतो आणि धुऊनही ठेवलेला असतो. सोबत एक-दोन मोठी माणसं लागतील, ज्यांची त्या शिवारात ओळख आहे अशी. कुणाच्याही रानातून दगड उचलण्याआधी मालकाला विचारायचं, हा आमचा नियम आहे. नियम पाळणं अवघड नाही, मालकाची समजूत घालणं अवघड आहे. गेल्या खेपेला एका आजोबांनी मुलांच्या पिशव्यांत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "एवढेच? थांबा, ट्रॅक्टर लावून देतो."