गोचीडताप व त्यावरील लस

गेल्या ज्येष्ठांत आमच्या गोठ्यांतील संकरित कालवड सात दिवसांत गेली. पहिल्या दिवशीं तिनें वैरण सोडली, तेव्हां उन्हाची बाधा समजून आम्हीं ताक पाजलें. खांद्यापुढील गांठ लिंबाएवढी सुजली होती. ती हातानें चांचपूनही पाहिली, परंतु तिचा अर्थ कळला नाहीं. चौथ्या दिवशीं डॉक्टरांनीं रक्ताचा थेंब कांचेवर घेतला, तोंवर डोळ्यांच्या आंतील भाग कागदासारखा पांढरा पडला होता. ही चूक सर्वस्वीं आमची, व ती दुसऱ्याच्या हातून होऊं नये म्हणून हें लिहीत आहों.

या रोगास थायलेरिओसिस म्हणतात. त्याचें कारण थायलेरिया ॲन्युलाटा नांवाचा सूक्ष्म जंतु होय. तो चाऱ्यापाण्यांतून येत नाहीं. हायलोमा जातीची गोचीड त्यास वाहून आणते. लहानपणीं तिच्या पोटांत आजारी जनावराचें रक्त गेलें, म्हणजे कात टाकल्यावर ती दुसऱ्या जनावरास चावते व लाळेबरोबर जंतु सोडते.

शरीरांत गेल्यावर जंतु प्रथम पांढऱ्या रक्तपेशींत शिरतो. येथें त्याचें कसब पाहण्याजोगें आहे. पेशीस तो मारीत नाहीं. उलट तिला सारखी दुभंगावयास लावतो, व प्रत्येक वेळीं स्वतःही तिच्याबरोबर वांटला जातो. एका सर्व्हे नंबराचे पोटहिस्से व त्यांचेही पुन्हां पोटहिस्से पडावे, तसा हा प्रकार (आमचा जन्म त्याच दप्तरांत गेला!). गांठी सुजतात त्या यामुळें. पुढें तो तांबड्या पेशींत उतरतो व जनावराचें रक्त आटतें.

जंतूच्या याच खोडीचा उपयोग लशीकडे झाला. पूर्वीं अल्जीरियांत सर्जेंट बंधूंनीं सौम्य जंतु असलेलें रक्तच निरोगी जनावरांस टोचलें होतें. परंतु रक्ताबरोबर दुसरे रोगही जाण्याचें भय असतें. १९४५ सालीं त्सूर नामक शास्त्रज्ञानें जंतु शिरलेल्या पेशी शरीराबाहेर कांचपात्रांत वाढवून दाखविल्या. अशा पेशी एका पात्रांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, याप्रमाणें पुष्कळ वेळां पालटीत गेल्यास जंतूची रोग करण्याची शक्ति क्षीण होते; मात्र जनावराच्या शरीरास त्याची ओळख पटते व खऱ्या जंतूशीं झुंजण्याची तयारी होते. इस्राएल, इराण व भारत या देशांत याच मार्गानें लस तयार झाली. आपल्याकडे ती हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनें ‘रक्षाव्हॅक-टी’ या नांवानें आणली.

ही लस जिवंत आहे, आणि सारी अडचण येथेंच आहे. रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नत्रवायूंत ठेवतात, त्यांतच, म्हणजे शून्याखालीं १९६ अंशांवर, ती ठेवावी लागते. बर्फाच्या साध्या पेटींत कोणी लस घेऊन आला, तर ती टोचून घेऊं नये. पैसे जातील व भरंवसा खोटा ठरेल. वितळविल्यावर लगेच टोचावी लागते, म्हणून गांवांतील चारपांच जणांनीं वासरें एकाच दिवशीं एकत्र आणणें सोयीचें. शरीरांत शक्ति येण्यास कांहीं आठवडे लागतात, यास्तव गोचिडी माजण्यापूर्वींच डॉक्टरांस गांठावें. गाभण गाईविषयीं त्यांस अवश्य विचारावें. देशी गुरें या रोगास बरींच दाद देत नाहींत. खरी गरज संकरित व विलायती जनावरांस आहे.

लशीनें गोचीड मरत नाहीं, आणि लाल लघवीचा जो दुसरा गोचीडरोग, त्यावरही ती चालत नाहीं. ऑस्ट्रेलियांत प्रत्यक्ष गोचिडीविरुद्ध लस १९९४ सालीं निघाली, परंतु ती निराळ्या जातीच्या गोचिडीकरितां होती.

रोग जडलाच तर बुपार्वाक्वोनचें इंजेक्शन आहे; तें पहिल्या एकदोन दिवसांत पडल्यास बहुधा गुण येतो, रक्त आटल्यावर त्याचा भरंवसा नाहीं. ताप व खांद्यापुढील गांठ हीं दोन्ही एकदम दिसलीं, कीं ताक पाजीत बसूं नये.

हायलोमा गोचीड भिंतीच्या भेगांत दडते. आम्हीं या वर्षीं गोठ्याच्या भेगा चुना व मातीनें बुजविल्या, आणि मेलेल्या कालवडीच्या धाकट्या बहिणीस लस टोचून घेतली आहे.