तुलनेचा खर्च

विस्कळीत संख्या क्रमाने लावणे हे संगणकाचे नित्याचे काम होय. इंग्रज शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेली 'क्विकसॉर्ट' ही पद्धत त्यासाठी विख्यात आहे. १०,००,००० संख्या या पद्धतीने लावावयाच्या झाल्यास सरासरीने सुमारे २.५ कोटी तुलना कराव्या लागतात. तेव्हा एकेका तुलनेस किती श्रम पडतात, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

सी भाषेच्या ग्रंथालयात क्रम लावणारे 'क्यूसॉर्ट' नावाचे सिद्ध फलन आहे. संख्या, नावे, गुणपत्रके असे काहीही ते लावू शकते. मात्र दोहोंत आधी कोण, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तुलना करणारे निराळे फलन आपण लिहावयाचे व त्याचा पत्ता क्यूसॉर्टला द्यावयाचा.

येथेच खर्च वाढतो. उत्तरपत्रिका गुणानुक्रमे लावणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक जोडीसाठी शिपायास कचेरीत धाडून "यांत मोठा कोण?" असे विचारावे, तसे हे घडते. दोन पूर्णांकांची तुलना ही क्षणार्धाची गोष्ट. परंतु त्यासाठी माहिती पोचविणे, दिलेल्या पत्त्यावर जाणे, उत्तर घेऊन परतणे हे सोपस्कार प्रत्येक वेळी होतात. प्रत्यक्ष कामाहून येरझारच अधिक!

उपाय असा की, तुलनेचा मजकूर क्रम लावणाऱ्या आज्ञावलीतच उतरवावा. यालाच 'इनलाइन' करणे म्हणतात. मग येरझार टळते; शिवाय सर्व मजकूर एकत्र दिसल्यामुळे कंपायलर त्याची अधिक काटकसरीने मांडणी करू शकतो. ग्रंथालयातील क्यूसॉर्ट बहुधा आधीच यंत्रभाषेत उतरविलेले असते, त्यामुळे तेथे कंपायलरला ही संधी सहसा मिळत नाही. सी प्लस प्लस भाषेतील 'सॉर्ट' प्रत्येक प्रकारासाठी नव्याने घडविले जाते. म्हणून साध्या संख्यांच्या बाबतीत ते बहुधा अधिक वेगवान ठरते.

परंतु या उपायास मर्यादाही आहेत. लांबलचक नावांची तुलना मुळातच वेळखाऊ असते. तेथे येरझारीचा वाटा अल्प, म्हणून लाभही अल्प. प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र मजकूर तयार झाल्याने आज्ञावलीचा विस्तारही वाढतो.

मुख्य गोष्ट ही की, इनलाइनमुळे एकेक तुलना स्वस्त होते, तुलनांची संख्या घटत नाही. प्रत्येक जोडी ताडून पाहणाऱ्या भाबड्या पद्धतीस वरील संख्यांसाठी सुमारे ५०,००० कोटी तुलना लागतील. तिला कितीही इनलाइन केले तरी ती क्विकसॉर्टची बरोबरी करणार नाही. म्हणून प्रथम योग्य पद्धत निवडावी, मग वेळ मोजून पाहावा, आणि त्यानंतरच बारीकसारीक काटकसरीकडे वळावे. अभ्यासातही हाच क्रम हितावह आहे.