मासा, तूप आणि माझं प्रमोशन

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४५ ते ४८, आणि त्यावरचं ज्ञानेश्वरीतलं निरूपण



मागच्या आठवड्यात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या मामांनी विचारलं, "काय गं, सध्या कुठल्या पोस्टवर आहेस?" मी तोंड उघडायच्या आत बाबांनी सांगून टाकलं, "टीम लीड आहे ती." मी मान खाली घालून जिलेबी खात राहिले.

कारण मी टीम लीड नाही. होते. सहा महिने. मग स्वतःहून ते पद सोडलं आणि पुन्हा माझ्या टेस्टिंगच्या कामावर आले. पगारात फरक पडला, आणि तो दर महिन्याला जाणवतो. ऑफिसमध्ये कोणी काही बोललं नाही, पण "सगळं ठीक ना?" असं मात्र बऱ्याच जणांनी विचारलं. घरी बाबा एवढंच म्हणाले, "लोक वर चढतात, तू उतरलीस." नातेवाइकांना त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आजचे श्लोक मी या गोष्टीसकट वाचले. म्हणून तुमच्यापुढेही तसेच ठेवते.

सिद्धी म्हणजे काय?

पंचेचाळिसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की, आपापल्या कामात रमलेला माणूस सिद्धी मिळवतो. आम्हा दौंडकरांना हा शब्द नवा नाही. भीमा ओलांडली की पलीकडे सिद्धटेक. विष्णूला तिथे गणपतीच्या उपासनेने सिद्धी मिळाली, अशी कथा लहानपणापासून ऐकत आलोय. पण सिद्धी म्हणजे नवस पूर्ण होणं, परीक्षेत पास होणं, नोकरी लागणं, एवढंच डोक्यात होतं. थोडक्यात, 'सक्सेस'.

पुढचाच श्लोक ती सिद्धी कशी मिळते ते सांगतो. ज्याच्यापासून ही सगळी सृष्टी आली, ज्याने ती व्यापली आहे, त्याची आपल्या कर्माने पूजा करायची. ज्ञानेश्वर माउली इथे कर्मांना फुलं म्हणतात. आपल्या कामाची फुलं देवाला वाहायची, की तो संतोषतो.

जरा विचार करा. देवळात फुलं वाहताना आपण शेजारच्याच्या परडीत डोकावतो का? त्याच्याकडे कमळ आहे, माझ्याकडे झेंडू, म्हणून माझी पूजा फसली, असं कोणी म्हणतं का? फूल ताजं आहे ना आणि मनापासून वाहिलंय ना, एवढंच आपण बघतो. ऑफिसच्या दारातून आत शिरताना मात्र आपली नजर थेट दुसऱ्याच्या परडीत जाते.

तुपातला मासा

सत्तेचाळिसावा श्लोक तुम्हाला माहीत असेल. दुसऱ्याचं काम आपण कितीही छान केलं, तरी त्यापेक्षा आपलं काम, त्यात उणीव असली तरी, बरं. हे समजावताना माउलींनी दिलेला दाखला मला इतका आवडतो की तो मी डेस्कवर चिकटवायच्या बेतात होते. ते म्हणतात, पाण्यापेक्षा तुपात गुण जास्त आहेत हे खरंच, पण म्हणून माशाला तुपात राहता येईल का?

हे मी पहिल्यांदा वाचलं ते दौंड-पुणे डेमूमध्ये, फोनवर. पाटस गेलं, केडगाव गेलं, आणि मी त्याच ओळींवर थांबले होते. तेव्हा मला टीम लीड होऊन चार महिने झाले होते. दिवसभर मिटिंगा, कोणाची रजा, कोणाचं रेटिंग, क्लायंटला कळवायच्या तारखा. यातलं काहीच वाईट नव्हतं. आमच्या टीममधला एक जण हेच काम आता इतकं सहज करतो की बघत राहावं. तो तुपाला नावं ठेवत नाही, आणि मीही ठेवत नाही. पण मला श्वास घेता येत नव्हता. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये लपलेली चूक तासन् तास शोधत बसायचं, ती सापडली की कोणाचं तरी पुढचं नुकसान टळायचं, हे माझं पाणी होतं. त्या चार महिन्यांत मी एकही चूक स्वतः शोधली नव्हती.

माउली पाण्याला तुपापेक्षा भारी म्हणत नाहीत, हे नीट पाहा. तूप श्रेष्ठच आहे, बाजारात त्याला भावही जास्त आहे. प्रश्न माशाचा आहे.

पण हा पळ तर नाही ना?

ही गोष्ट इथेच संपवली असती तर सोपं झालं असतं. 'माझं यश मी ठरवणार' असं स्टेटस ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. पण गीता इतक्या सहज सोडत नाही.

आठवा, पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायात अर्जुन काय करत होता? तोही आपल्या अटींवरच बोलत होता. राज्य नको, विजय नको, भीक मागून खाईन म्हणत होता. ऐकायला ते वैराग्य वाटतं. भगवंतांनी मात्र ते मान्य केलं नाही, कारण त्याच्या आत भीती आणि मोह होता. याच अठराव्या अध्यायात आठव्या श्लोकात ते स्पष्ट सांगतात की, त्रास होतो म्हणून, शरीराला कष्ट नकोत म्हणून जो काम सोडतो, त्याचा त्याग राजस; त्याला त्यागाचं फळ मिळत नाही.

हे वाचून माझी झोप उडाली होती. मी लीडचं काम सोडलं ते पाण्यासाठी, की अवघड माणसांशी बोलायची भीती वाटत होती म्हणून? खरं सांगते, थोडं भीतीमुळेही होतं. एका सहकाऱ्याला त्याच्या कामातली चूक सांगायची होती. मी तीन आठवडे ती टाळली.

अठ्ठेचाळिसावा श्लोक याचंच उत्तर आहे असं मला वाटतं. अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कामाबरोबर काही ना काही दोष असतोच. म्हणजे टेस्टिंगला परत आले तरी धूर असणारच. फक्त धुरामुळे चूल सोडली असेन, तर दुसऱ्या चुलीपुढेही माझे डोळे चुरचुरतीलच. परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते त्या सहकाऱ्याशी बोलायचं. पद नव्हतं, सक्तीही नव्हती. बोलले, आणि मग जरा विश्वास वाटला की मी सगळंच काही पळून आले नाही.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. 'स्वधर्म' हा शब्द आपल्याकडे जन्माने ठरलेल्या कामाला जोडला गेला, आणि त्यातून माणसांना किती कोंडलं गेलं हे आपल्याला ठाऊक आहे. श्लोकातच 'स्वभावनियत' असा शब्द आहे. मी तोच धरून वाचते. माझा स्वभाव माझं आडनाव बघून कोणी ठरवू शकत नाही, आणि माझी सॅलरी स्लिप बघूनही नाही.

पाबळला काय पाहिलं

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला गेले. चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याने. दर्शन झाल्यावर मी म्हटलं, "आलोच आहोत तर शिक्रापूरवरून पाबळला जाऊ." बाबा म्हणाले, "तिथे कुठलं देऊळ?"

पाबळ हे शिरूर तालुक्यातलं दुष्काळी पट्ट्यातलं गाव. तिथे विज्ञान आश्रम आहे. तो सुरू केला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी, १९८३ मध्ये. त्यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून फूड टेक्नॉलॉजीत पीएचडी केली होती आणि मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर होते. ते सगळं सोडून, पन्नाशी ओलांडल्यावर, पत्नी मीराताईंसह ते पाबळला येऊन राहिले. कोणासाठी? शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या मुलांसाठी.

या मुलांसाठी त्यांनी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम उभा केला. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम; वीज आणि ऊर्जा; शेती आणि पशुपालन; घर आणि आरोग्य. सगळं हाताने करत शिकायचं, आणि गावातल्या लोकांची खरी कामं करत शिकायचं. ज्या मुलांना परीक्षेने 'नापास' म्हटलं, त्यांच्यासाठी इथे वेगळी परीक्षा होती. दार नीट बसलं की नाही, हे दारच सांगतं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. २००३ मध्ये डॉ. कलबाग गेले. आश्रम अजून चालू आहे.

माझ्या प्रश्नाला मला इथे एक माप मिळालं. कलबागांनी पद सोडलं, पण काम सोडलं नाही. उलट वाढवलं. शास्त्रज्ञ ते मुंबईतही होते आणि पाबळलाही शास्त्रज्ञच राहिले. फक्त ते शास्त्र कोणासाठी वापरायचं हे त्यांनी बदललं. पळून जाणारा माणूस हलकं ओझं शोधतो. हा माणूस जास्त जड ओझं उचलायला गेला. आपण काही सोडतो तेव्हा आपल्या हातात आधीपेक्षा जास्त काम उरतं की कमी, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

बाबा रेल्वेत फिटर होते, तीस वर्षं. वर्कशॉपजवळ एक पोरगा लोखंडी चौकट जोडत होता. बाबा त्याच्याजवळ उकिडवे बसले, जोड गार झाल्यावर अंगठा फिरवला, काहीतरी विचारलं, मग काहीतरी सांगितलं. मी लांबून बघत होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली, ते उठेनात. इतके खूश मी त्यांना रिटायर झाल्यापासून पाहिले नव्हते.

परतताना गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जोड चांगला होता पोराचा." माझ्या प्रमोशनबद्दल काही बोलले नाहीत. आणि लग्नात पुन्हा 'टीम लीड' म्हणालेच. असू दे. त्यांना अजून वेळ लागेल, तो त्यांचा हक्क आहे. लहान घरातून आलेल्या माणसाला मुलीचं वर चढणं म्हणजे काय, हे मला पगार मिळायला लागल्यावर थोडंफार कळलंय.

यवतची भाकरी

एक आठवण सांगून थांबते. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून आमच्या दौंड तालुक्यात येते आणि यवतला मुक्काम करते. त्या दिवशी यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतात. माझी मावशी तिथेच राहते. दर वर्षी पहाटेपासून भाकऱ्या थापते, घराघरातून भाकऱ्या गोळा होतात आणि तिच्या भाकऱ्या त्या ढिगात मिसळून जातात. तिची भाकरी कोणी खाल्ली, हे तिला कधीच कळत नाही. नाव नाही, फोटो नाही, रेटिंग नाही.

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "भाकरी फुगली पाहिजे. कच्ची गेली तर माउलींचं पोट दुखेल."

बघा, दोनच गोष्टी आहेत यात. भाकरी फुगली का, आणि खाणाऱ्याचं पोट दुखणार नाही ना. काम चोख व्हावं, आणि ते ज्याच्यासाठी आहे त्याचं भलं व्हावं. तिने गीता वाचलेली नाही, पण शेहेचाळिसावा श्लोक ती दर आषाढवारीत तव्यावर भाजते.

आज स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

१. मी ज्याच्या मागे लागलोय ते माझं पाणी आहे, की दुसऱ्याच्या वाटीतलं तूप?

२. मला काही सोडावंसं वाटतंय, ते कशासाठी? ते सोडल्यावर माझ्या हातात काम वाढेल, की फक्त त्रास कमी होईल?

३. आज माझ्या कामाचा घास कोणाच्या पोटात जाणार आहे? तो कच्चा तर नाही ना?

उत्तरं लगेच येणार नाहीत. मलाही सगळी आलेली नाहीत. उद्या सकाळी सव्वासातला डेमू पकडायची आहे, आणि एक चूक दोन दिवसांपासून सापडत नाहीये. तीच उद्याची माझी पूजा.

पांडुरंगा, माझ्या परडीत जे फूल तू ठेवलंयस ते ताजं असतानाच तुझ्या पायाशी पोचू दे. दुसऱ्याच्या परडीत बघायची सवय हळूहळू सोडव. आणि बाबांना सांगायचं धाडस दे, की पुढच्या लग्नात मामांना उत्तर मीच देईन.

राम कृष्ण हरी.